199 रुपये, 28 दिवस आणि दर महिन्याला मुका होणारा फोन: एक प्रकरण अभ्यास

संगमनेर तालुक्यातलं एक खेडं. घरात सत्तरीला टेकलेले आबा आणि त्यांचा बटणांचा फोन. मुलगा चिंचवडला नोकरीला. दर महिन्याच्या 5 तारखेला तो आपल्या फोनमधल्या यूपीआय ॲपवरून आबांच्या नंबरवर 199 रुपयांचा पॅक मारतो. तारीख चुकवत नाही. तरी आबांची तक्रार कायम: “महिन्यातनं दोन-तीन दिवस फोनच लागत नाही. रेंज जाती.” मुलगा तेव्हाच फोन लावून बघतो, तर बेल जाते, आबा उचलतात, बोलणं होतं. मग तो म्हणतो, “लागतोय की, आबा.” आणि विषय तिथेच संपतो.

हे प्रकरण कुणा एका घराचं नाही. प्रीपेड नंबरवर हमखास दिसणाऱ्या अडचणी एकाच नंबरवर आणून ते बांधलं आहे, म्हणून माणसं आणि कंपनी बिननावाची ठेवली आहेत. पॅकचे दर, तारखांचा हिशेब आणि नियम मात्र खरे आहेत. काळ 2025 च्या फेब्रुवारी ते जुलैचा. दर बदलत असतात, तेव्हा आज रिचार्ज करताना आकडे पुन्हा तपासावेत.

तक्रार रेंजची नव्हतीच

रेंज गेली असती तर मुलाचाही फोन लागला नसता. आबांना फोन येत होता, त्यांच्याकडून जात मात्र नव्हता. हे लक्षण पॅक संपल्याचं. वैधता संपली की आउटगोइंग त्याच रात्री बंद होतं. इनकमिंग आणखी काही दिवस चालू राहतं; ते किती दिवस, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. हा मधला काळच घात करतो. पैसे भरणारा बाहेरून फोन लावतो, त्याला सगळं ठीक दिसतं. फोन वापरणाऱ्याला नंबर फिरवल्यावर ध्वनिमुद्रित सूचना ऐकू येते, आणि ती पुरती ऐकायच्या आत तो लाल बटण दाबून मोकळा होतो.

आता पॅक का संपला? मुलगा तर दर महिन्याला भरत होता. घोळ ‘दर महिन्याला’ या दोन शब्दांत आहे. पॅक महिन्याचा नाही, 28 दिवसांचा आहे, आणि रिचार्जचा दिवस त्यात पहिला धरला जातो. 5 मार्चला मारलेला पॅक 1 एप्रिलच्या मध्यरात्री संपतो. पुढचा रिचार्ज 5 एप्रिलला. म्हणजे 2, 3, 4 एप्रिल असे तीन दिवस आउटगोइंग नाही. 5 एप्रिलचा पॅक 2 मेपर्यंत, म्हणून 3 आणि 4 मे कोरडे. मेचा पॅक 1 जूनला संपतो, पुन्हा तीन दिवस. जूनचा 2 जुलैला संपतो, पुन्हा दोन. अपवाद फक्त फेब्रुवारीचा: 5 फेब्रुवारीचा पॅक बरोबर 4 मार्चपर्यंत पुरतो. आबा म्हणाले होतेच, “मार्चात बरा चालला होता.”

वर्षाचा हिशेब मांडला की चित्र स्वच्छ होतं. 12 रिचार्ज गुणिले 28, म्हणजे 336 दिवस. वर्षातले 29 दिवस आबांचा फोन ऐकू शकत होता, बोलावू शकत नव्हता. (तातडीचा 112 तेवढा पॅक संपल्यावरही लागतो, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मुद्दाम सांगून ठेवावं.) खाडा पडू द्यायचा नसेल तर वर्षाला 13 रिचार्ज लागतात. हा ‘तेरावा महिना’ ग्राहकांना इतका खुपला की 27 जानेवारी 2022 रोजी ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, दर-आदेशात 66 वी दुरुस्ती केली. प्रत्येक कंपनीने 30 दिवसांचा किमान एक प्लॅन व्हाउचर (मूळ योजनेचा), एक स्पेशल टॅरिफ व्हाउचर (खास दराचा पॅक) आणि एक कॉम्बो व्हाउचर (शिल्लक आणि पॅक एकत्र) ठेवावा, आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारेही एकेक ठेवावेत, असा तो आदेश. तसे पॅक आले. पण ‘ठेवावा’ आणि ‘समोर दाखवावा’ यांत अंतर आहे. यूपीआय ॲपमध्ये नंबर टाकला की आधी मागच्या वेळचा पॅक येतो, मग ‘शिफारस केलेले’. मुलाचा अंगठा पाच महिने 199 वरच पडत राहिला.

पैसे एकाने भरले, मेसेज दुसऱ्याला गेला

पॅक केव्हा संपणार हे कंपनीने कळवलं नव्हतं का? कळवलं होतं. दूरसंचार ग्राहक संरक्षण विनियम, 2012 प्रमाणे व्हाउचर चालू झाल्याबरोबर त्याचे तपशील एसएमएसने द्यावे लागतात, आणि संपण्याच्या दोन-तीन दिवस आधी आठवणीचे मेसेज कंपन्या स्वतःहून पाठवतात, कारण पुढचा रिचार्ज त्यांनाच हवा असतो. हे सगळे मेसेज आबांच्या नंबरवर गेले. इंग्रजीत. मुलाच्या ॲपवर दिसलं ते फक्त हिरवं टिकमार्क आणि ‘रिचार्ज यशस्वी’.

या प्रकरणाची गाठ इथे आहे. माहिती दिली जाते, नियमाप्रमाणे वेळेवर दिली जाते. पण ती नंबरला दिली जाते. निर्णय घेणारा माणूस त्या नंबरवर नसतो. खेडोपाडी पुण्या-मुंबईच्या पोरांनी भरलेल्या रिचार्जवर किती फोन चालतात हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही फट नवी नाही, पण कुठल्याच विनियमात ‘पैसे भरणारा’ नावाचा माणूस नाही. तिथे ग्राहक म्हणजे ज्याच्या नावावर जोडणी आहे तो.

त्यात आणखी एक बारीक भानगड. बटणांच्या फोनची मेसेज साठवायची ताकद तोकडी असते. जाहिराती, बँकेचे मेसेज आणि पॅकच्या सूचना यांनी इनबॉक्स भरला की पडद्यावर बंद पाकिटाचं चित्र लुकलुकायला लागतं आणि नवे मेसेज आत येत नाहीत. आबांच्या फोनवर ते पाकीट होळीपासून लुकलुकत होतं. म्हणजे जूनमधली पॅक संपल्याची सूचना त्यांना इंग्रजीतही मिळाली नसावी. असा फोन हातात घेतला की पहिलं काम हेच: बँकेचे आणि पेन्शनचे मेसेज बघून बाकीचा इनबॉक्स रिकामा करायचा. नाहीतर पुढच्या तपासणीला लागणारा ओटीपीसुद्धा येत नाही, आणि माणूस नेटवर्कला शिव्या देत बसतो.

टॉपअपचे 40 रुपये

एप्रिलमध्ये फोन मुका झाल्यावर आबा गावातल्या दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, “केवढ्याचा मारू, आबा?” आबांनी 20 ची नोट पुढे केली. मे महिन्यात पुन्हा तसंच. 20 रुपयांच्या टॉपअपमधून जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क वजा जाऊन मुख्य शिल्लकेत 14 रुपये 95 पैसे पडतात. दोन वेळचे मिळून 29 रुपये 90 पैसे. फोन मात्र दोन्ही वेळा मुकाच राहिला.

टॉपअप आणि पॅक यांत हा मूळ फरक आहे, आणि दुकानाच्या काउंटरवर तो कुणी सांगत बसत नाही. टॉपअप फक्त मुख्य शिल्लक वाढवतं. सेवेची वैधता वाढवायला वैधता असलेला पॅकच लागतो. वैधता संपलेल्या नंबरवर मुख्य शिल्लक असली तरी फोन जात नाही. पैसे आत पडून राहतात. पूर्वी शिल्लक होती तोवर फोन चालायचा, ती सवय आबांच्या पिढीच्या अंगवळणी आहे. 2018 च्या सुमारास कंपन्यांनी किमान रिचार्जची पद्धत आणली आणि ते गणित बदललं. पूर्वी व्हाउचरवरच्या रंगाच्या पट्ट्यावरून प्रकार ओळखता यायचा: प्लॅनला लाल, टॉपअपला हिरवा, स्पेशल टॅरिफला पिवळा. कागदी कूपनच दिसेनासं झाल्यावर डिसेंबर 2024 च्या दुरुस्तीत रंगांची सक्तीही गेली.

मुख्य शिल्लकेचा एक उपयोग मात्र खरा आहे. 90 दिवस नंबर अजिबात वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते. पण शिल्लक 20 रुपये किंवा जास्त असेल तर निव्वळ न वापरल्याच्या कारणाने बंद करता येत नाही. 2013 च्या दुरुस्तीतला हा नियम नंबर जिवंत ठेवतो. आउटगोइंग चालू ठेवत नाही. दुकानात या दोन गोष्टींची हमखास गल्लत होते.

शनिवार, 5 जुलै

मुलगा आषाढीला घरी आला. एकादशी रविवारी 6 तारखेला होती. शनिवारी दुपारी त्याने आबांचा फोन तपासायला हातात घेतला. हे काम त्याने जूनमध्ये चिंचवडहून करून पाहिलं होतं. कंपनीच्या ॲपमध्ये आबांचा नंबर टाकला, ओटीपी आबांच्या फोनवर गेला.

“आबा, आत्ता मेसेज आला असेल, त्यातले आकडे सांगा.”

“तूच म्हणलास ना, कुणाला आकडे सांगायचे नाहीत?”

आबांचं बरोबर होतं. फोनवरून ओटीपी विचारणारा मुलगाच आहे याची खात्री आवाजावरून करण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत, आणि ‘माझ्यापुरता चालतो’ असा अपवाद शिकवला की पुढच्या ठगाला दार उघडं. दुसऱ्याच्या नंबरचं खातं ॲपमध्ये जोडायचं काम घरी असताना, फोन समोर ठेवूनच करावं. एकदा जोडलं की बहुतेक कंपन्यांच्या ॲपमध्ये आपल्या नंबरशेजारी तो नंबर राहतो आणि वैधता, शिल्लक, वापर कुठूनही दिसतं. पैसे भरणारा आणि मेसेज मिळवणारा यांच्यातली फट बुजवायचा आज हाताशी असलेला हाच एक रस्ता.

ॲपच्या आधी त्याने फोनवरूनच विचारून घेतलं. ते योग्य केलं, कारण बटणांच्या फोनवर उद्या आबांना एकट्याने हेच करायचं आहे. एअरटेलला *123#, व्हीला (व्होडाफोन आयडिया) *199# फिरवून हिरवं बटण दाबलं की शिल्लक आणि वैधता पडद्यावर येते. जिओला 1299 वर फोन लावायचा. तो आपोआप कटतो आणि माहितीचा एसएमएस येतो. ही विचारणा फुकट असते. पडद्यावर तीन गोष्टी वेगवेगळ्या वाचायच्या: मुख्य शिल्लक, पॅकची शेवटची तारीख, उरलेला डेटा. आबांच्या पडद्यावर पॅक नव्हताच, 2 तारखेला संपला होता. शिल्लक 4 रुपये 90 पैसे.

29 रुपये 90 पैसे आत टाकले आणि आबांना बाहेर फोन करता आला नाही, तर 25 रुपये गेले कुठे? शिल्लक विचारून हे कळत नाही. त्याला खर्चाचा तपशील लागतो, आणि तो प्रीपेड ग्राहकालाही मिळतो. पुष्कळांना वाटतं की तपशीलवार बिल पोस्टपेडवाल्यांनाच. तसं नाही. 2012 च्या विनियमानुसार प्रीपेड ग्राहक मागच्या सहा महिन्यांतल्या वापराचा बाबवार तपशील मागू शकतो. कंपनीने तो 30 दिवसांत द्यायचा आणि त्यासाठी 50 रुपयांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. प्रत्यक्षात ॲपमधून किंवा ईमेलवर तो बरेचदा फुकट आणि लगेच मिळतो. मागताना महिना स्पष्ट लिहावा, आणि सहा महिने उलटायच्या आत मागावा; मोठी कापाकापी मागाहून लक्षात आली तर पुरावा हातचा जातो.

दोन किरकोळ अडथळे इथे येतात. सिम कुणाच्या नावावर आहे ते आधी बघावं. घरातल्या पोराच्या आधारवर घेतलेलं सिम आजोबा वापरत असतील तर तपशील आणि तक्रार त्या पोराच्याच नावाने चालते. आपल्या नावावर किती नंबर आहेत हे केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर ओटीपी घालून दिसतं. दुसरं, मंडळ, म्हणजे सिमचं सर्कल. दूरसंचाराच्या नकाशावर मुंबई वेगळं मंडळ आहे, आणि महाराष्ट्र मंडळात गोवा येतो. मुंबईत घेतलेलं सिम गावी आणलं तरी ते मुंबईचंच राहतं. संकेतस्थळावर पॅक बघताना सिमचं मंडळ निवडावं, राहत्या गावाचं नाही.

शून्य एमबी

तपशील आला. फेब्रुवारी ते जून, पाच पॅक. 199 च्या प्रत्येक पॅकमध्ये अमर्याद कॉल, दिवसाला 100 एसएमएस आणि 28 दिवसांना मिळून 2 जीबी डेटा. डेटाच्या रकान्यात पाचही वेळा शून्य.

आबांचा फोन इंटरनेटचा नाहीच. पाच महिन्यांत 10 जीबी डेटा विकत घेतला गेला आणि एक केबीही वापरला गेला नाही, आणि ही गोष्ट कुणालाच कळली नाही. का कळली नाही? डेटा संपत आल्याच्या सूचना वापरावर चालतात: कोट्याचा निम्मा वापर झाला, 90 टक्के झाला, संपला, की मेसेज येतो. वापर शून्य असेल तर सूचनाही शून्य. ‘तुम्ही मागचे तीन पॅक डेटाला हातच लावला नाही’ असं ग्राहकाला सांगायला कोणी बांधील नाही. जास्त वापरणाऱ्यासाठी माहितीचा पहारा पक्का आहे, कमी वापरणाऱ्यासाठी नाही. कमी वापरणाऱ्याचेच पैसे जास्त वाया जातात, हे मात्र ज्याला त्याला स्वतः शोधून काढावं लागतं.

डेटा नको असेल तर पर्याय काय, हा प्रश्न ट्रायने 26 जुलै 2024 च्या विचारविनिमय पत्रिकेत मांडला आणि 23 डिसेंबर 2024 रोजी ग्राहक संरक्षण विनियमात बारावी दुरुस्ती झाली. प्रत्येक कंपनीने फक्त कॉल आणि एसएमएसचा किमान एक स्पेशल टॅरिफ व्हाउचर द्यावा. अशा व्हाउचरची मुदत 90 दिवसांवरून 365 दिवसांपर्यंत नेता येईल.

जानेवारी 2025 मध्ये पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. एअरटेलचा 84 दिवसांचा 6 जीबीवाला पॅक 509 रुपयांना होता. त्यातला डेटा काढला आणि किंमत झाली 499. जिओने 84 दिवसांचा 479 चा पॅक तसाच डेटा काढून 458 ला आणला. म्हणजे डेटा विकताना सोन्याच्या भावाचा आणि परत घेताना 6 जीबीचे दहा किंवा एकवीस रुपये. ओरड झाली, ट्रायने हे व्हाउचर तपासू असं जाहीर केलं, आणि काही दिवसांत दर खाली आले: एअरटेल 84 दिवसांना 469 आणि 365 दिवसांना 1,849, जिओ 84 दिवसांना 448 आणि 336 दिवसांना 1,748. वर्षाच्या पॅकमध्ये 3,600 एसएमएस. जिओचा ‘वर्षाचा’ पॅक 336 दिवसांचा आहे, 365 चा नाही, हे वाचताना निसटतं. पुन्हा तेच 12 गुणिले 28.

दिवसाचा भाव काढला की तुलना सोपी होते. 199 भागिले 28, 7 रुपये 11 पैसे. 469 भागिले 84, 5 रुपये 58 पैसे. 1,849 भागिले 365, 5 रुपये 7 पैसे. पॅक निवडताना छापील किमतीऐवजी हा भाव बघायची सवय लावून घ्यावी, कारण कंपन्या किंमत आणि दिवस दोन्ही एकदम बदलतात. मुलगा वर्षाला 2,388 रुपये भरून 336 दिवस घेत होता. 1,849 मध्ये 365 दिवस मिळाले असते. यूपीआय ॲप दर रिचार्जला रुपया-दोन रुपये सोयशुल्क घेत असेल तर बारा वेळचं तेही वाचतं.

मग हे पॅक त्याला दिसले का नाहीत? दिसायला जागाच वेगळी. कंपनीच्या ॲपमध्ये ते मुख्य यादीत नसून बाजूच्या एखाद्या कप्प्यात असतात. यूपीआय ॲपच्या यादीत खूप खाली. शोधायचा खात्रीचा मार्ग म्हणजे ट्रायचं दरांचं पोर्टल. तिथे मंडळ, कंपनी आणि प्रीपेड निवडलं की कंपनीने ट्रायकडे नोंदवलेले पॅक एकत्र येतात, आणि दोन कंपन्यांचे पॅक शेजारी ठेवूनही बघता येतात. जाहिरातीत काय लिहायचं यावर ट्रायचा 18 सप्टेंबर 2020 चा निर्देश आहे. कोटा संपल्यावर वेग किती उरतो, मुदत किती, हे कंपनीने सांगायलाच हवं. ती ओळ बारीक असते. वाचावी.

25 रुपयांची तक्रार

आता शिल्लकेतून गेलेले 25 रुपये. तपशिलात ‘मूल्यवर्धित सेवा’ या नावाखाली पाच-पाच रुपयांच्या पाच नोंदी होत्या. कुठल्यातरी बातम्यांची सेवा. आबांनी मागितली नव्हती, म्हणजे मागितल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

हे कसं घडतं ते फोन हातात धरून बघितलं की कळतं. अशा जाहिराती बऱ्याचदा इनबॉक्समध्ये न येता थेट पडद्यावर झळकतात. खाली डावीकडे ‘ओके’. माणसाला वेळ बघायची असते किंवा फोन लावायचा असतो; तो पडद्यावरची अडचण घालवायला समोरचं बटण दाबतो. पुन्हा काही झळकतं, पुन्हा दाबतो. जुलै 2013 च्या ट्रायच्या निर्देशाने अशा सेवेला दोन वेगळ्या संमती लागतात. दोन वेळा ‘ओके’ दाबलं गेलं की कागदोपत्री दोन्ही संमत्या तयार.

अशा वेळी करायचं ते असं. आधी सेवा बंद: 155223 या टोल-फ्री क्रमांकावर फोन करून किंवा त्यावर इंग्रजी अक्षरांत ‘स्टॉप’ पाठवून. बटणांच्या फोनवर चुकून इंटरनेटचं बटण दाबलं जात असेल तर 1925 वर तसंच ‘स्टॉप’ पाठवून डेटाही बंद करून टाकावा. मग 198 वर तक्रार. हा क्रमांक फुकट आहे, आपल्याच कंपनीच्या सिमवरून लावायचा, सुरुवातीला मराठी निवडता येते. नुसत्या चौकशीच्या 121 सारख्या क्रमांकावर माणसाशी बोलायला पैसे कापले जाऊ शकतात, म्हणून तक्रारीला 198 च. बोलणं संपायच्या आत तक्रार क्रमांक घ्यायचा. तो एसएमएसनेही येतो. तो नसेल तर पुढे काहीच सरकत नाही. ‘बघतो’ म्हणून फोन ठेवणाऱ्या प्रतिनिधीने तक्रार नोंदवलीच नाही, असं सर्रास होतं.

या प्रकरणात चार दिवसांनी उत्तर आलं: सेवा ग्राहकाच्या संमतीने चालू झाली होती, तक्रार बंद. इथे बहुतेक लोक सोडून देतात, 25 रुपयांसाठी कोण भांडणार म्हणून. पण पुढची पायरीही फुकटच आहे. 2012 च्याच तक्रार निवारण विनियमाप्रमाणे प्रत्येक कंपनीला अपील प्राधिकरण ठेवावं लागतं. तक्रारीच्या उत्तराने समाधान झालं नाही तर 30 दिवसांत अपील करायचं; 39 दिवसांत निर्णय द्यावा लागतो. अपिलात रडगाणं नको. मुलाने चारच ओळी लिहिल्या: नंबर, तक्रार क्रमांक, कापलेल्या रकमांच्या तारखा, आणि मागणी अशी की दोन्ही संमतींची तारीख, वेळ आणि त्या कुठल्या मार्गाने घेतल्या याची नोंद दाखवावी. ‘आम्ही सेवा घेतलीच नाही’ या वाक्यापेक्षा ही मागणी जड जाते, कारण नोंद दाखवण्याचा भार मग कंपनीवर येतो. तिसऱ्या आठवड्यात 25 रुपये मुख्य शिल्लकेत परत आले. चूक मान्य केलेली नव्हती. ‘सदिच्छा म्हणून’ असं लिहिलं होतं.

ट्रायकडे थेट पाठवून उपयोग नव्हता. ट्राय नियम करते, एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. रक्कम मोठी असती तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि त्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग. मोबाइल कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही, असं जुन्या टेलिग्राफ कायद्यावर बोट ठेवून सांगितलं जायचं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 च्या निकालात तो अडसर काढला.

नवा पॅक

1,849 एकदम भरायचे की 469 चा 84 दिवसांचा आधी घेऊन बघायचं? लांब मुदतीच्या पॅकमध्ये एक खड्डा आहे. नंबर दुसऱ्या कंपनीत नेला की उरलेले दिवस आणि शिल्लक दोन्ही जातात, परत काही मिळत नाही. गावात रेंजचा भरवसा नसेल, किंवा फोन 2जी असून कंपनीच ती सेवा आवरती घेत असेल, तर 84 दिवसांचाच घ्यावा. घरात कुणी त्याच सिमवर अधूनमधून व्हॉट्सॲप बघत असेल तर हे पॅक नकोतच. पॅकशिवायचा डेटा मूळ दराने कापला जातो आणि शिल्लक बघता बघता संपते. आबांचा नंबर बारा वर्षं एकाच कंपनीत, घराच्या पडवीत रेंज पूर्ण, इंटरनेट शून्य. 5 जुलैलाच वर्षाचा पॅक घेतला. मुदत 4 जुलै 2026 पर्यंत.

चालू झाल्याचा एसएमएस आल्यावर शिल्लक विचारायचा तोच कोड फिरवून तारीख जुळवून बघितली. ही पायरी गाळू नये. ॲपवर ‘यशस्वी’ दिसूनही पॅक चढलेला नसतो, असं होतं. मुलाने स्वतःच्या फोनवर 1 जुलै 2026 ची आठवण लावली. आबांच्या फोनच्या मागच्या झाकणाला आतून कागदाची पट्टी चिकटवली, तीवर मराठीत चार ओळी: पॅक 4 जुलैपर्यंत. पॅक बघायला हा कोड. तक्रारीला 198. पडद्यावर काही आलं तर ओके दाबायचं नाही, लाल बटण दाबायचं.

“आन् दुकानात काही भरायचं नाही ना?” आबांनी विचारलं.

“नाही. वर्षभर काहीच नाही.”

परत आलेले 25 आणि आधीचे 4 रुपये 90 पैसे अजून मुख्य शिल्लकेत आहेत.